उजव्या नळीचा हार

दसऱ्याच्या दिवशी सरूबाईनं झेंडूचे हार ओवायला घेतले आणि ओवता ओवता सवयीनं वीतभर लांबीचे दोन लहान हार वेगळे काढून ठेवले. एक उजव्या नळीचा, एक डाव्या नळीचा. ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की बंदूक घरात नाही. ती शिमग्याच्या आधीच पोलिसांनी नेली होती. हार सोडवून फुलं टोपलीत परत टाकावीत, तर तेही तिच्यानं होईना. तिनं ते सुपाच्या कडेला सरकवले आणि उरलेलं तोरण दोऱ्यावर राग काढत संपवलं.

ओसरीवर धर्माजी हत्यारं मांडत होते. कोयते, विळे, नांगराचा फाळ, फवारणीचा पंप, मोटारीचे पाने, शेवटी नातीची, संस्कृतीची, पाटी. सगळ्यांना त्यांनी धुऊन पुसून पाटांवर ओळीनं ठेवलं होतं आणि मधे हातभर जागा मोकळी सोडली होती.

"ही जागा कशाला सोडलीया?" सरूबाईनं विचारलं.

"बंदूक येईल की परत."

"बंदूक येईल. चिमाजी येतोय का?"

धर्माजींनी हळदीची वाटी उचलली आणि फाळाला बोटं लावत बसले. बायकोचा प्रश्न ऐकू न येण्याची विद्या त्यांना चांगली साधली होती. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर त्यांना दिसायला लागलं तेवढंच ऐकू येणं कमी झालं, असं सरूबाई म्हणायची.

त्या बंदुकीची गोष्ट अख्ख्या खोडदला ठाऊक होती. वाटणीच्या वेळी धर्माजी आणि कुशाबा या दोघा भावांनी जमीन वाटली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या, बांधावरच्या आंब्याच्या फांद्यासुद्धा वाटून घेतल्या. अडलं ते बंदुकीपाशी. डुकरांपासून पीक राखायला वडलांनी घेतलेली ती दुनळी, परवाना धर्माजींच्या नावावर. पंच म्हणाले, हिला काय करवत लावायची? तेव्हा कुशाबा म्हणाला, "दोन नळ्या हायेत ना. उजवी दादाची, डावी माझी." पंच हसले, भाऊ हसले नाहीत. तसंच ठरलं. बंदूक एक महिना या घरी, एक महिना त्या घरी. काडतुसं ज्याची त्यानं आणायची, आपल्याच नळीत घालायची, दुसऱ्याच्या नळीला हात लावायचा नाही. कायद्यात हे बसतं का, हे कुणी विचारलं नाही. एकदा रानडुक्कर भुईमुगात शिरलं. धर्माजींचा उजवा बार फुकट गेला, डुक्कर समोर उभं, आणि हे बांधावरून ओरडून विचारतायत, "कुशा, तुझी वापरू का रे?" कुशाबाचं 'वापर' ऐकू येईपर्यंत डुक्कर गावाबाहेरच्या रेडिओ दुर्बिणीच्या लोखंडी ताटल्यांपलीकडे पोचलं होतं. गाव अजून त्यावर हसतं. कुशाबा वारल्यावर डावी नळी त्याच्या मुलाकडे, हौशीरामकडे, आली. धर्माजींना दिसेनासं झालं तशी उजवी त्यांच्या मुलाच्या, भरतच्या, हातात गेली. पण शब्द तोच राहिला, आणि दसऱ्याला दोन घरांची मिळून एकच पूजा, दोन नळ्यांना दोन हार, हेही तसंच राहिलं.

आणि गेल्या संक्रांतीच्या तोंडावर याच मळ्यात चिमाजी मेला.

चिमाजी घोडेगावच्या वरच्या डोंगरातला. भाताची झोडणी उरकली की बायको गोजरबाई आणि पोरगा सुनील यांना घेऊन तो खाली उतरायचा आणि पाऊस जवळ येईपर्यंत धर्माजींच्या मळ्यावर राखणीला राहायचा. भरत चालायला शिकला तो त्याचं बोट धरून. बिबट्याच्या भीतीनं गावातली माणसं दिवेलागणीनंतर बाहेर पाऊल टाकत नव्हती, तेव्हा चिमाजी उसाच्या कडेनं पत्र्याचा डबा वाजवत फिरायचा. एका सकाळी तो गोजरबाईला सरीत पडलेला सापडला, छातीत छरे. त्याच्या खोपीत पोलिसांना आजोबाच्या काळची ठासणीची बंदूक मिळाली, बिनपरवान्याची. आदल्या दिवशी बापलेकांचं भांडण झालं होतं, हे भरतनं सांगितलं. भांडण झालं होतं हे खरंच होतं; सुनीलला आळेफाट्याच्या हॉटेलात कामाला जायचं होतं आणि बाप सोडत नव्हता. झालं. बापाला अग्नी देऊन पोरगा परतला तो पोलिसांच्या जीपमध्ये.

"छऱ्याला नाव-गाव नसतं," धर्माजी तेव्हा पारावर म्हणाले होते. "कुणाच्या बंदुकीचा, काय लिवलंय का त्याच्यावर?"

मग ऊस तुटला. पाचट ओढताना तोडणीवाल्या बायकांना एक रिकामं काडतूस मिळालं. त्यांनी ते मुकादमाला दिलं, मुकादमानं फौजदाराला. ठासणीच्या बंदुकीला काडतूस लागतच नाही. तिला दारू, छरे, चिंध्या सगळं तोंडातून ठासावं लागतं. एवढं सरूबाईलाही कळत होतं. फौजदार येऊन दुनळी घेऊन गेला, काडतूस आणि बंदूक दोन्ही सरकारी प्रयोगशाळेत गेली, आणि सुनील मात्र आतच राहिला. गोजरबाई दोनदा येऊन ओसरीच्या पायरीवर बसून गेली. रडली नाही. "वैनी, माझा सुनील आपल्या बापाला मारील का?" एवढंच विचारून गेली. सरूबाईनं तिच्यापुढे चहा ठेवला; तो प्रश्न मात्र तेव्हापासून तिच्या डोक्यातून गेला नव्हता.

तिचा राग हौशीरामवर होता. त्या महिन्यात बंदूक हौशीरामच्या घरी होती. ती स्वतः त्या दिवशी नारायणगावला, धर्माजींच्या डोळ्याला पट्टी बांधलेली, दवाखान्यात त्यांच्या उशाशी. मळ्यावर काय झालं ते तिनं पाहिलं नव्हतं. पण बंदूक ज्याच्या घरी, बार त्याचा, हा सरळ हिशेब होता. पोरानं बिबट्या समजून बार काढला असेल, घाबरला असेल, गप्प बसला असेल. गप्प बसणं मात्र तिला सहन होत नव्हतं.

हौशीराम आला तो हातात आपट्याची पानं घेऊन. खाली वाकून पाया पडायला गेला तर सरूबाईनं पाय मागे घेतले.

"आधी पूजा व्हऊ दे," ती म्हणाली.

त्यानं पानं तशीच हातात ठेवली आणि खांबाला टेकून बसला. पाणी विचारायलाही कुणी उठलं नाही. समोर भरत बसला होता, पण चुलतभावानं चुलतभावाकडे पाहिलं नाही. एरवी या दोघांचं हसणं पार विहिरीवर ऐकू यायचं.

धर्माजींनी आरती उरकली. मोकळ्या जागेवरसुद्धा त्यांनी दोन फुलं वाहिली, ते पाहून सरूबाईचं टाळकं फिरलं. तेवढ्यात अंगणात गाडी थांबली आणि सोमाजी उतरला. सोमाजी सरूबाईचा पाठचा भाऊ, जुन्नरच्या कोर्टात वकील. दर दसऱ्याला सोनं द्यायला यायचा, जेवून जायचा. आज त्याचं सोनं देणं घाईचं होतं. सगळ्यांच्या हातावर पान टेकवून तो पायऱ्या चढून वर आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "दाजी, प्रयोगशाळेचा अहवाल आलाय."

"काय म्हनतोय?"

"काडतूस आपल्याच बंदुकीतलं आहे."

धर्माजी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण हसले. "आरं, तसली काडतुसं जुन्नरच्या दुकानात पेटीनं मिळत्यात. माझ्याच बंदुकीचं कशावरनं?"

अक्षदा, भरतची बायको, दाराशी परातीत पुऱ्यांची कणीक मळत होती. सोमाजीनं त्यातला एक गोळा उचलला, तळहातावर चपटा केला आणि बोटातली अंगठी काढून त्यावर दाबली. गोळा त्यानं धर्माजींच्या डोळ्यांपुढे धरला.

"बघा. अंगठीवरची नक्षी उमटली, ठीक. पण इथं एक चरा दिसतोय ना? तो माझ्या अंगठीला विहिरीच्या कठड्यावर पडलेला. दुकानात अशा शंभर अंगठ्या असतील, हा चरा एकीलाच. काडतुसाच्या बुडाला मधोमध मऊ टोपी असते. चाप ओढला की सुई येऊन तिच्यावर आपटते. बार उडतो त्या दणक्यानं सगळं बूड मागच्या लोखंडावर दाबलं जातं. सुईचं टोक कसं झिजलंय, त्या लोखंडावर कानस कशी फिरलीय, सगळं बुडावर उमटतं. त्यांनी आपल्या बंदुकीतून तिथं नवे बार काढले, ती काडतुसं आणि सरीतलं काडतूस शेजारी शेजारी भिंगाखाली ठेवलं. रेघेला रेघ जुळली. छऱ्याला नाव नसतं, दाजी, खरं आहे तुमचं. काडतुसाला असतं."

धर्माजींनी कणकेच्या गोळ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. भरत तळहातावरचं आपट्याचं पान बारीक बारीक फाडत होता.

"मंग सुनील सुटला म्हनायचा," सरूबाई म्हणाली. तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव आला.

"इतकं सोपं नाही, अक्का," सोमाजी म्हणाला. "बंदूक आपली म्हटल्यावर फौजदार उद्या इथं येणार. विचारणार, बंदूक कुणाच्या ताब्यात होती, कुणी उडवली. आपण काय सांगणार, ते आज ठरवायला पाहिजे."

"इचारा की," भरत म्हणाला, मान वर न करता. "त्या म्हैन्यात बंदूक कुणाकडं व्हती ते सगळ्या गावाला ठावं हाय."

सगळे हौशीरामकडे वळले. तो खांबाला टेकूनच होता.

सोमाजीनं आवाज खाली आणला. कोर्टात पक्षकाराला बाजूला घेऊन बोलावं तसा. "हौशीराम, तुझ्यावर कुणी ढकलत नाही. तू एवढंच सांगायचं की बंदूक मळ्यातल्या मचाणावर टांगलेली असायची, कुलूप-बिलूप नव्हतं, काडतुसंही तिथंच. सुनीलचं तिथं येणं-जाणं होतं. त्यानं काढली असेल. बापाशी भांडण होतंच. मग ठासणीची काय, दुनळी काय, माणूस तोच राहतो. तुला निष्काळजीपणाबद्दल जरा त्रास होईल, तो मी बघून घेईन."

"आन् मी असं नाय सांगितलं तर?"

"तर बंदूक तुझ्या घरात होती. मग सुनीलच्या जागी कोण जाणार, ते तूच बघ."

हौशीराम हातातल्या पानांकडे बघत राहिला. आणि त्या गप्प बसण्यानं सरूबाईचा बांध फुटला.

"बोल की," ती म्हणाली. "तोंडात गूळ धरलाय का? तुझ्या बापानं आयुष्यात एक खोटा शब्द काढला नाय. डुक्कर निघून गेलं पन भावाला इचारल्याबगर नळीला हात लावायचा नाय, असल्या घरातला तू. एक मानूस मेला, त्याचं पोरगं आत सडतंय, ती बाई माझ्या पायरीवर येऊन बसती, आन् तू खांबाला टेकून बसलायस. बार तू काढलास का नाय, एवढं सांग. एकदा सांगून मोकळा हो."

हौशीरामनं वर पाहिलं. डोळे लाल झाले होते, पण आवाज सरळ होता. "मोठी आय, मला इचारू नको. मामाला इचार. काडतूस कंच्या नळीचं निघालं, ते इचार."

सरूबाई थांबली. तिनं भावाकडे पाहिलं. सोमाजी अंगठी पुन्हा बोटात घालत होता आणि ती काही जात नव्हती.

"सोमा, कंच्या नळीचं?"

"अक्का, त्याचा काय संबंध? कोर्टाला बंदूक एक, परवाना एक."

"मी कोर्ट नाय. मी इचारतीया."

"दोन नळ्या एकाच बंदुकीच्या–"

"दोन नळ्यांना दोन सुया असत्यात. आत्ताच तू सांगितलंस, सुईगनिक ठसा येगळा. मंग त्यांनी कागदावर लिवलं असंलच. तू येवढी अंगठी दाबून दावलीस आन् हेच तेवढं सांगाया इसरलास?"

सोमाजीनं धर्माजींकडे पाहिलं. तेवढ्यावरून सरूबाईला कळलं की या दोघांचं आधीच बोलणं झालं आहे. धर्माजींचं मघाचं हसणं, ती मोकळी सोडलेली जागा, सगळं तिला आता निराळं दिसू लागलं.

"उजवी," सोमाजी म्हणाला.

ओसरीवर संस्कृती पूजेतली पाटी ओढून घेऊन चित्र काढत होती. तिच्या पेन्सिलीचा किरकिराट तेवढा चालू राहिला. अक्षदानं तिला उचलून आत नेलं आणि एकटी परत आली.

उजवी धर्माजींची. धर्माजी त्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात पडलेले, शेजारी सरूबाई बसलेली. मग उरलं कोण, हे सांगायला प्रयोगशाळा नको होती. सरूबाईनं लेकाकडे पाहिलं. त्याच्या पायांशी पानाचे हिरवे तुकडे पडले होते.

"भरत."

"आई, अंधार पडला व्हता," तो म्हणाला. "दोन दिवस आधी आपली कालवड नेली व्हती बिबट्यानं. हौशाकडनं मी बंदूक मागून आनली. उसात काय तरी हाललं. मला वाटलं, बिबट्याच."

"ठीक हाय. वाटलं. मंग?"

"बार लागल्यासारखा वाटला. दुसरं काडतूस घालावं म्हनून बंदूक मधनं मोडून उघडली, रिकामं खाली पडलं. आन्..." तो थांबला.

"आन् काय?"

"त्यानं हाक मारली. बॅटरीच्या उजेडात त्यानं वळखलं आसंल मला. बाळा, म्हनला."

अक्षदानं परातीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"जित्ता व्हता म्हन की," सरूबाई म्हणाली.

भरतनं तोंड ओंजळीत लपवलं.

"जित्ता व्हता, तुला हाक मारत व्हता, आन् तू पळालास."

"मला काय सुधरंना, आई."

"रातभर सुधरलं नाय. आन् सकाळी फौजदाराला भांडनाचं सांगताना बरं सुधरलं."

"आई, त्यांना खरंच बिबट्या वाटला," अक्षदा दारातून म्हणाली. "मुद्दाम का करतील ते?"

सरूबाई सुनेकडे वळली. "म्हंजी तुलाबी ठावं व्हतं."

अक्षदानं मान खाली घातली. सरूबाईनं एकेकाकडे पाहिलं. नवरा, भाऊ, लेक, सून. सगळ्यांना ठाऊक होतं. संक्रांतीला तिनं याच ओसरीवर बायकांना वाणं वाटली होती, चिमाजीच्या दिवसांचं सामान गोजरबाईकडे पाठवताना धर्माजींनी स्वतः तांदूळ काढून दिले होते, वरच्या रांजणातले, चांगले. तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. तिला एकटीला सांगितलं नाही, कारण ती गप्प बसली नसती. एवढी पारख मात्र नवऱ्याला बरोबर होती.

"तुला ठावं व्हतं, तर तू का गप बसलास?" तिनं हौशीरामला विचारलं.

"परत आनून दिली तवा उजव्या नळीला दारूचा वास येत व्हता. डावी कोरी," हौशीराम म्हणाला. "सकाळी चिमाजीकाकाचं कळलं. धर्माआप्पा दवाखान्यातनं आले तवा त्यांच्याकडं गेलो. आप्पा म्हनले, परवाना माझ्या नावावर, बंदूक तुझ्या घरात ठिवली हाच गुन्हा हाय, तोंड उघडलंस तर आधी तू जाशील. बायकूला तवा सातवा म्हैना लागला व्हता." त्यानं हातातली पानं खाली ठेवली. "भ्यालो मी, मोठी आय. पन सुनीलवर खोटं बोलनार नाय. ते सांगायलाच आज आलो व्हतो."

"मीच गप केलं त्याला," धर्माजी आता मोठ्यानं म्हणाले. इतका वेळ त्यांनी हळदीची वाटी हातात धरली होती, ती पाटावर आपटून ठेवली. "भरतलाबी मीच गप केलं. काय करायला पायजे व्हतं मी? एकुलता एक लेक फौजदाराच्या हातात द्यायचा? झालं ते चुकून झालं. चिमाजी काय परत येनार व्हता का? आपलेच दात आन् आपलेच ओठ, सरू. कुनाला सांगायचं?"

"दात आपले, ओठ आपले, आन् रगत चिमाजीच्या पोराचं."

"सुटंल की तो. पुरावा नसला तर सुटंल कवा तरी."

"पुरावा नसला तर? आन् हा सोमा आत्ता काय शिवत बसला व्हता? पुरावाच शिवत व्हता नव्हं? चोर सोडून संन्याशाला फाशी, आन् ते सांगायला माझाच भाऊ सोनं घेऊन आला."

"अक्का, शांतपणानं घे," सोमाजी म्हणाला. "जरा विचार कर. अहवालात उजवी नळी एवढंच आहे. उजवी कुणाची, डावी कुणाची, हे या घराबाहेर कोर्टाला कोण सांगणार? गावातले हसण्यावारी नेतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू गप्प राहिलीस तर तो कागद मुका आहे."

सरूबाईला तेवढंच हवं होतं. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तो उतरला की धर्माजी घाबरत, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"कागद मुका असंल. मी नाय. चोराला उजवी-डावी कशाला लागती, सोमा? सुनीलनं बंदूक चोरली असती तर दोनी नळ्या भरल्या असत्या, एका बारानंतर बंदूक उघडून रिकामं सरीत टाकलं नसतं. बिबट्याच्या रानात एक नळी रिकामी ठिवून कोन जातंय? एकच नळी भरून जानारी मानसं साऱ्या तालुक्यात दोन. एक हा, एक तो. हे मी फौजदाराला सांगनार, कोर्टाला सांगनार. आन् तू भाऊबिजेला येऊ नको. ओवाळनार नाय मी तुला."

सोमाजीनं टोपी उचलली, पुन्हा ठेवली.

सरूबाई उठली. सुपाच्या कडेचे दोन्ही लहान हार तिनं उचलले. डावा पाटावरच्या मोकळ्या जागेत ठेवला आणि उजवा घेऊन भरतसमोर उभी राहिली. तो खाली बसलेला, ती उभी. लहानपणी शाळा बुडवल्यावर तो असाच बसायचा. आतून तिचं काळीज तुटत होतं, पण राग त्याच्या वर होता, आणि तो राग खाली बसू नये असंच तिला वाटत होतं. एकदा का तो बसला असता तर तिनं लेकाला पोटाशी धरलं असतं आणि सगळं संपलं असतं.

तिनं हार त्याच्या मांडीवर टाकला.

"घे. उजव्या नळीचा हाय. तुझाच."

"आई..."

"बिबट्या समजून बार काढलास, ते मी पदरात घेतलं असतं. गोजराच्या पायावर मी डोकं ठिवलं असतं. पन मला एक सांग. अंधार व्हता, जिवाची भीती व्हती, घाई व्हती, तरी चुलतभावाच्या नळीत काडतूस घालायला तुझा हात धजला नाय. वाटनीचा शब्द मोडंल म्हनून. आन् ज्याचं बोट धरून चालाया शिकलास, त्याच्या पोराला बेड्या घालाया धजला. लोखंडाच्या नळीचं एवढं इमान राखलंस. मानसाचं नाय राखावंसं वाटलं?"

भरतनं हार मुठीत धरला. फुलं चुरगळून पिवळी पाकळी त्याच्या बोटांतून खाली पडली. तो रडू लागला, पण उठला नाही.

"हौशा, गाडी काढ," सरूबाई म्हणाली. "आधी ठाण्यात. मंग तसंच घोडेगाववरनं गोजराच्या वाडीला. ती माझ्यावर थुंकली तरी चालंल, पन हे तिला माझ्या तोंडून कळू दे."

"मलाबी आत टाकत्याल, मोठी आय," हौशीराम म्हणाला. तो मात्र उठून उभा राहिला होता.

"टाकतील. तुझ्या बायकूला आन् लेकराला मी बघीन."

"सरू," धर्माजी म्हणाले. आवाज फुटला होता. "उंबरा वलांडून गेलीस तर ह्या घरात तुला..." चाळीस पावसाळे जिच्यासोबत काढले त्या बाईला काय धमकी द्यायची, हे त्यांना त्या वयात कळलं नाही.

"आज शिलंगणच हाय," सरूबाई म्हणाली. "बाहेर पडायचाच दिस हाय." तिनं चुंभळीसारखा पिळून पदर कमरेला आवळला आणि पायऱ्या उतरली. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय अडले असते.

अंगणात हौशीरामनं जीप चालू केली. पहिल्यांदा ती बंद पडली, मग पुन्हा चालू झाली. सरूबाई पुढे बसली. तिनं चलायला सांगितलं नाही, आणि हौशीरामनंही गियर टाकला नाही. इंजिन तसंच धडधडत राहिलं.

ओसरीवर कुणी हललं नाही. मग अक्षदानं कणकेचे हात पदराला पुसले, आत गेली आणि भरतच्या चपला घेऊन आली. त्याच्याकडे न बघता तिनं त्या पायरीखाली ठेवल्या, तोंडं जीपकडे करून.